हातभर नदी

चष्मा द्यायला गेली आणि चित्रात अडकली, असं तिचं झालं.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. संग्रहालयात जुनी चित्रं सांभाळणाऱ्या एकाचा चष्मा पोहोचवायला गेली, तर हा पठ्ठ्या लांबलचक टेबलापाशी एकटाच उभा. समोर पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातलं, नुसत्या काळ्या शाईनं काढलेलं, गुंडाळी करून ठेवलेलं चित्र. म्हणाला, जरा मदत कराल? मी डावीकडून उलगडतो, तुम्ही उजवीकडून गुंडाळत या. एकट्याचं काम नाही हे.

तिनं हात धुतले, पुसले, उभी राहिली.

"अर्धा कागद कोराच सोडलाय की!"

"धुकं आहे ते," तो हळूच म्हणाला. "बघत राहा..."

ती बघत राहिली. आणि खरंच — फिकट शाईच्या दोन फटकाऱ्यांमागून, काहीच नव्हतं तिथून, एक डोंगर वर आला.

दर बुधवारी हातभर चित्र तपासायचं असतं, असं त्यानं सांगितलं. ती जेवणाची सुट्टी मोडून जाऊ लागली. डोंगर सरले, पूल गेला, नदी लागली. तो थांबला की तिचे हात आपसूक थांबायचे. आई विचारायची, एका चष्म्यासाठी किती खेटे घालशील गं? पण हा गडी शाईवर तासभर बोलेल, स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

आज शेवटचा हातभर. मग चित्र पाच वर्षं पेटीत, आणि तिला इथं यायला निमित्त उरणार नव्हतं. तिनं सकाळी वेणी घालतानाच ठरवलं होतं — आज बोलायचंच.

नदी थोडी उलगडली. दोघांचेही दोन्ही हात गुंतलेले.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "हात सोडू नका, कागद मोडेल."

त्याचे कान लालबुंद झाले. चष्मा नाकावरून घसरला. वर सरकवायला हात कुठे मोकळा होता?

"एक सांगू?" तो चाचरला. "ही तपासणी... खरं तर एका दुपारची असते."

"मग इतके बुधवार?"

"तुम्ही याल म्हणून..."

तिला हसू फुटलं, पण गुंडाळी तिनं घट्ट धरली.

"मग उरलेली नदी आज उघडायची नाही."

"आणि तपासणीच्या वहीत काय लिहू?"

"लिहा — काम चालू आहे."