हॉस्पिटलची किल्ली

आमचं ऑफिस बडनेऱ्यात, दीड खोलीचं. चार गिऱ्हाइकांचे, त्यात एक हॉस्पिटल, क्लाउड सर्व्हर सांभाळायचे; चौघांच्या लॉगिनच्या किल्ल्या वेगळ्या. दिवसभर ही किल्ली काढा, ती लावा. संध्याकाळपर्यंत आपण कुणाच्या घरात शिरलोय हेच समजेनासं होतं. वीट येतो हो, अगदी वीट.

किल्ल्या बदलायची सोय माझ्यासोबत काम करणाऱ्या सरफराजने बसवलेली. शिस्तही त्याचीच. काही उडवायचं असेल तर गिऱ्हाइकाचं नाव मोठ्याने घ्यायचं, दुसऱ्याने स्क्रीन बघून ‘पायलं’ म्हणायचं, मगच एंटर.

फेब्रुवारीत नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर गाडीच्या अपघातात तो गेला. त्याच्या किल्ल्या चारही ठिकाणांहून मीच रद्द केल्या. त्या दिवशी खूप रडले. त्याच्या सेटिंगच्या फायली मात्र माझ्या लॅपटॉपवर तशाच ठेवल्या.

मे महिन्यातली दुपार. आमच्या साहेबांचा, महादेवरावांचा फोन आला, “प्राजक्ता, टेस्टिंगचे सर्व्हर आजच उडवून टाक. बिनकामाचे पडून हायेत.”

टेस्टिंगची किल्ली लावली, कमांड लिहिली. सवयीने म्हटलं, “टेस्टिंग.” ऐकायला होतं कोण? बोट एंटरवर गेलं, तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरवर नेट तेवढं चालू राहिलं. कूलरची घरघर थांबली, आणि पाठीमागून लवंगेचा वास आला. सरफराज लवंग चघळायचा.

“पायलं नाही... पुन्हा वाच.”

मागे वळायची हिंमत झाली नाही. वाचलं. वर नाव हॉस्पिटलचं होतं. किल्ली मी स्क्रीनवरच्या शेजारच्या खिडकीत बदलली होती; या खिडकीत हॉस्पिटलचीच होती. एक एंटर, की सगळ्या पेशंटच्या नोंदी साफ.

कमांड पुसली. थोड्या वेळाने हॉस्पिटलची लॉगिनची नोंद उघडली. तीन वाजून बारा मिनिटं, म्हणजे लाइट गेली तेव्हाचीच. नाव सरफराजचं. किल्ली तीच, मी रद्द केलेली.

त्याच्या आईला, आयशाबींना, अकोल्याला फोन लावला.

“खाला, सरफराजचा लॅपटॉप कुठाय?”

“पेटीत हाये, बेटी. बंदच. बॅटरी तं कवाचीच मेली.”

“जरा बघता?”

कडी वाजली. मग पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज.

“बेटी... हे गरम हाये.”

“अकोल्याचा उन्हाळा आहे, खाला,” मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

“पेटीतले कपडे गार हायेत,” त्या हळूच म्हणाल्या. “हेच तेवढं गरम हाये.”