पाठमोरा गनर

पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीच्या सभागृहात गावातल्या सैनिकांचे फोटो लावले होते. कार्यक्रम आटोपला, म्हणून संध्याकाळी मी माझ्या आजोबांचा फोटो परत आणायला गेले. एवढंच काम होतं.

आत लाईट नव्हती. सरपंच भगवंतराव मोबाईलचा उजेड धरून उभे होते. बाकीचे फोटो नीट होते, आजोबांचा तेवढा भिंतीकडे तोंड करून टांगलेला. खाली पाटी, ‘कचरू, खानसामा’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आजोबा महायुद्धात बॉम्बर विमानाच्या शेपटीत मशीनगन धरून बसत. ब्रह्मदेशावरून विमान पुढं जायचं आणि हे मागं बघत राहायचे, पाठीमागून शत्रू येतोय का ते. ती सवय मरेपर्यंत सुटली नाही. बैलगाडीत उलटे बसायचे, बाबांच्या लुनावरसुद्धा उलटेच. गाव हसायचं. का बसता, असं विचारलं मात्र कुणी नाही.

“फोटो काऊन फिरवला?” मी विचारलं.

“म्या नाही फिरवला, बाई,” भगवंतराव हळूच म्हणाले. “दुपारपासून सिधा करून राह्यलो. जरा नजर हटली का पुन्हा तसाच...”

“अन् खानसामा कोनं लिवलं?”

“ते म्याच लिवलं. त्या काळात तुमच्या जातीच्या मानसाले इमानात कोन बसू देनार?”

या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. हात आवरला आणि फोटो सरळ केला. काच आतून धुरकटली होती, कुणी जवळून श्वास सोडावा तशी. पेट्रोलचा वास येत होता. आणि कुठून तरी एक घरघर, दूरची, न थांबणारी. भगवंतरावांनाही ती ऐकू येत असावी, कारण ते छताकडे बघत होते.

“घेऊन जाय याले...”

“नाही नेत. आधी पाटी बदला.”

“उद्या पाहू...” म्हणत ते बाहेर पडले. मोटरसायकलला किक मारल्याचा आवाज आला.

फोटो तसाच ठेवून मी पायरीवर आले. गाडी उताराला लागली होती. भगवंतरावांच्या पाठीला पाठ लावून मागं कुणीतरी बसलं होतं. तोंड माझ्याकडे, दोन्ही मुठी छातीसमोर आवळलेल्या. मी एक पायरी मागं सरले, खोटं कशाला सांगू. पण राग भीतीपेक्षा मोठा होता.

“बसा, आजोबा,” मी म्हटलं. “उतरू नका.”

सकाळी नवी पाटी लागली, ‘कचरू, बॉम्बर विमानातले गनर’. फोटोही आता सरळ राहतो. भगवंतराव मात्र त्या दिवसापासून पायीच हिंडतात. गाडी त्यांच्या दारात उभी असते. परवा मी जाता जाता पाहिली. वर कुणीच नव्हतं, आणि मागची सीट दबलेली होती.