क्रमांक चारचा आवाज

कला आणि सामाजिक शास्त्र शाखेच्या वार्षिक गौरवाचा दिवस. पाहुणे दुपारी यायचे होते, आणि सकाळीच प्रदर्शनातून एक आवाज चोरीला गेला. पोलिसांत जाऊन हे सांगायचं कुणी? म्हणून समाजशास्त्राची संशोधक मुलगी धापा टाकत वहिनींच्या कचेरीत आली.

वहिनी म्हणजे खासगी तपासनीस. नवरा गेल्यावर त्याची कचेरी त्यांनी पुढे चालवली, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा बरी चालवली. मदतीला धाकटे दीर. मनानं सोनं, डोक्यानं जरा बेताचे. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळं गावच भाऊजी म्हणे.

"लग्नानंतर शिक्षण सोडलेल्या बायकांवर आमचं काम आहे," मुलगी म्हणाली. "यंदाचा पहिला मान आम्हाला मिळालाय. सहा मुलाखती सहा छोट्या यंत्रांवर, कानाला लावून ऐकायला ठेवल्या होत्या. त्यातलं चौथं यंत्र गायब आहे."

"दुसरी प्रत असेल ना?"

"नाही. ओळख फुटू नये म्हणून आवाज बदलून एकच प्रत ठेवतो आणि मूळ पुसून टाकतो. नियमच आहे. यंत्र गेलं तर ती बाईही गेली."

"मग तिलाच पुन्हा विचारा की," भाऊजी म्हणाले.

"ती कोण, ते मला कुठे ठाऊक? ती मुलाखत माझ्या कामातल्या जोडीदारणीनं घेतली. मी फक्त छापील मजकूर वाचून त्यावर लिहिलं." मुलगी उठली. "चला लवकर, दूध उतू जाईल."

"अरे देवा! दूध ठेवून आलात?"

"नाही हो." ती कसंनुसं हसली. "आईचं पालुपद. उठायचं झालं की म्हणायची. मागच्या हिवाळ्यात गेली ती. आजचा दिवस बघायला हवी होती."

दालनात पाच यंत्रं जागच्या जागी होती. शेजारचा महागडा प्रोजेक्टरही शाबूत. पाच खुर्च्या टेबलात सरकवलेल्या, चौथी मात्र बाहेर ओढून भिंतीकडे फिरवलेली. वर फलकावर मुलीचं गाजलेलं वाक्य मोठ्या अक्षरांत: 'क्रमांक चारला कुणीच अडवलं नव्हतं. तिच्यात धैर्य नव्हतं, आणि त्याला तिनं संसार हे नाव दिलं.'

"ठसकेबाज लिहिलंय," भाऊजी म्हणाले.

सकाळी दालन उघडल्यावर तिघंच आत आले होते. पहिले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा मान दुसरा.

"जळतो मी, लपवत नाही," ते म्हणाले. "पण चोरायचंच असतं तर सहाही उचलली असती. एकाचं काय लोणचं घालू?"

दुसरी, मुलीची जोडीदारीण. डोळे लाल. "नाव विचारू नका. शब्द दिलाय मी."

"नाव नको. बोलायची कशी?"

"गोड. पण दर दोन वाक्यांनी उठायला बघायची, काहीतरी निमित्त काढून. छापताना असली वाक्यं आम्ही गाळतो. विषयाशी संबंध नसतो ना."

"आणि यंत्रावर?"

"यंत्रावर सगळं आहे."

तिसरे इतिहासाचे प्राध्यापक. मुलीचे वडील. सकाळी लेकीचं प्रदर्शन बघायला सगळ्यांत आधी आलेले.

"मी यंत्राला हातही लावला नाही. छापील वाचलं होतं, तेवढंच." ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "बिचारी! अर्धं लक्ष दुधाकडे, तिला धैर्याचं काय विचारता?"

बाहेर पडल्यावर भाऊजी म्हणाले, "अर्थशास्त्रवालाच. स्वतः कबूल झाला की जळतो म्हणून."

"भाऊजी, जळणारा माणूस खुर्ची भिंतीकडे फिरवून बसत नाही. रडणारा बसतो."

वहिनींनी मुलीला बाजूला घेतलं. "कुणाकडे आहे ते कळलंय. पण ऐकल्यावर न ऐकल्यासारखं करता येणार नाही. सांगू?"

"माझं काम आहे ते. सांगा."

इतिहासाच्या खोलीत वडील, मुलगी आणि जोडीदारीण बसल्यावर वहिनींनी दार लोटलं.

"एकच यंत्र गेलं, प्रोजेक्टर राहिला. म्हणजे चोराला वस्तू नको होती, तो आवाज हवा होता. पण आवाज बदललेला, नाव पुसलेलं. मग त्यानं ओळखलं कशावरून? बोलण्याच्या सवयीवरून. ती सवय छापताना गाळली होती. तुम्ही, प्राध्यापक, फक्त छापील वाचलंत म्हणालात. मग बाईचं लक्ष दुधाकडे होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मुलीचा चेहरा पांढरा पडला. दूध, हा शब्द तिला पुरला.

वडिलांनी कोटाच्या खिशातून यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"काकूंनी मला शपथ घातली होती," जोडीदारीण रडत म्हणाली. "म्हणाल्या, आई म्हणून नको, एक बाई म्हणून वाचू दे तिला."

"आज कधीतरी तू ते कानाला लावणार होतीस," वडील म्हणाले. "तिथेच, त्या वाक्याखाली बसून. माझ्यानं बघवलं नसतं."

"माझं लिखाण तिनं वाचलं होतं?"

"दोनदा. म्हणाली, पोरीनं छान लिहिलंय."

"पण कुणी अडवलं नाही, हे तीच बोललीय!"

"अडवलं होतं," वडील म्हणाले. "मी. एका घरात एक प्राध्यापक पुरे, असं म्हणालो होतो. तिनं परत विषय काढला नाही. परक्या पोरीपुढेसुद्धा तिनं मला झाकलं."

कोपऱ्यात उभ्या भाऊजींनी डोळे पुसले, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

"इतक्या बायकांच्या दारात जाऊन बसले मी," मुलगी हळूच म्हणाली. "घरात एकदाही विचारलं नाही."

शिपायानं दारावर टकटक केली. पाहुणे आले होते, पहिला मान पुकारायचा होता. मुलीनं दार उघडलं.

"त्यांना सांगा, मान दुसऱ्या कुणाला द्या. आमचं काम पुरं झालेलं नाही. एक मुलाखत राहिलीय."

दार लावून ती परतली आणि वडिलांसमोर खुर्ची ओढून बसली.

"हं, बाबा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."