मांडवातला पांढरा रंग

हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. यंदाच्या फेब्रुवारीत, सिंदी रेल्वे गावात, डोमाजींच्या अंगणात. रात्र नव्हती. भर दुपार होती.

आधी हेमराजचा फायदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

हेमराज माझा मावसभाऊ. नालवाडीत राहतो, लग्नाचे फोटो काढतो. डोमाजींच्या थोरल्या मुलीच्या, अपेक्षाच्या हळदीचं काम त्याला मिळालं होतं. फोटो चांगले आले तर धाकटी रीता त्याला द्यायचा विचार करू, असं डोमाजी म्हणाले होते. विचार करू, बरं का... देतो म्हणाले नव्हते. कापडाचे दुकानदार ते. शब्दसुद्धा मोजून फाडतात.

मी गेलो सामान धरायला. माझा फायदा जेवणापुरता.

मांडव पिवळ्या कापडाचा. त्यातून गाळून येणारं ऊन पिवळं, खाली हळद पिवळी. कॅमेरा गोंधळला. फोटोत सगळ्यांना कावीळ.

"काऊन रे, पोरगी पिकल्या आंब्यावानी दिसून राह्यली," डोमाजी स्क्रीनमध्ये डोकावले. "येते ना तुले?"

रीता समोरच उभी. हेमराजचे कान लाल.

"पांढरं काहीतरी द्या काकाजी. हे पांढरं आहे असं कॅमेऱ्याले दाखवलं, का बाकीचे रंग तो बरोबर करते."

या कामाचं पांढरं कार्ड हा शहाणा घरीच विसरला होता. रुमाल मागितले, तर सगळे हळदीने माखलेले. शेवटी डोमाजी आत गेले आणि कपाटातून कोरं पांढरं कापड घेऊन आले.

"एक डाग नाई. काम झालं का घडी करून देजो."

मी ते दोन्ही हातांनी अपेक्षाच्या चेहऱ्यासमोर धरलं. हेमराजने कापडाचा फोटो घेतला आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स हाताने बसवला. मी बाजूला झालो.

पहिला फोटो...

सगळे निळे.

अपेक्षाचे ओठ जांभळे. बायकांचे चेहरे राखेसारखे.

"अबे, हे काय?"

पुन्हा कापड. पुन्हा निळे. हेमराजने बॅटरी काढली, घातली, कॅमेऱ्याला चार शिव्या दिल्या. पुन्हा निळे.

मग मला दिसलं...

अपेक्षाच्या मागे एक म्हातारा उभा होता. त्याचा रंग अगदी बरोबर होता. सावळा, ताजा. धोतर पांढरंशुभ्र.

मी स्क्रीनवरून मान वर केली.

मागे कुणीच नव्हतं.

रिकामी खुर्ची... आणि खुर्चीपाशी कुणीतरी घसा खाकरला.

बायकांचं गाणं मध्येच थांबलं.

हेमराजने सेटिंग परत आपोआपवर टाकलं. माणसं पिवळी, म्हातारा गायब. कापडावरून बसवलं... म्हातारा हजर. आता जवळ. एक हात अपेक्षाच्या डोक्यावर.

रीता वाकून बघत होती. "हे तं मोठेबाबा..."

मोठेबाबा म्हणजे रामाजी, डोमाजींचे थोरले भाऊ. दिवाळीत वारले.

रीताची आई मंदाबाई माझ्या हातातलं कापड बघत होती.

"हे... त्यायच्या कफनातलं उरलेलं ना? असं घरात ठेवत नाई हो!"

"मंग फेकू काऊन?" डोमाजी म्हणाले. "आपल्याच दुकानातलं. जास्त फाडल्या गेलतं. त्यायच्या अंगाले लागलंच कुठं?"

कॅमेऱ्याचं काय चुकलं? आम्हीच त्याला सांगितलं होतं की हे पांढरं, याच्यावरून बाकीचं बरोबर दाखव. त्याने दाखवलं.

रीताने हेमराजला बाजूला घेतलं. "कोणाले सांगू नका. ताईचं लग्न मोडन."

त्याने हो म्हणून कॅमेरा बंद केला. तेवढ्यात डोमाजींनी भरल्या मांडवात सुनावलं, "याले रंगच समजत नाई! उगाच गळ्यात कॅमेरा लटकवून फिरते!"

एक फोटो दाखवला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. हा बाबा मुकाट्याने बॅग भरत बसला. मला इतका संताप आला, की जेवणही गेलं नाही.

अपेक्षाचं लग्न थाटात झालं. फोटोवाला दुसरा होता. परवा रीताचंही सेलूला जमलं. डोमाजींचं काय गेलं? ते कापड मंदाबाईंनी जाळलं, तेवढंच. भरलं हेमराजने. आता तो लग्नाची कामं घेत नाही, आणि कारण विचारलं की अंगावर येतो.

ते फोटो त्याने पुसले नाहीत, मला दिले. काल मी ते मोठ्या स्क्रीनवर लावले.

एका फोटोच्या कडेला मी आहे, नुकतंच कापड खाली घेतलेला. चेहरा निळा, सगळ्यांसारखा.

हात मात्र निळे नाहीत...

दोन्ही हातांचा रंग बरोबर आहे. मोठेबाबांसारखा.