सावनेरहून आणलेली बाई

बहिणीला घेऊन यायचं, एवढ्याच कामासाठी पियुष भर दुपारी मोटारसायकलवरून सावनेरला निघाला. मयुराचा नवरा विहंग म्हणजे एक नंबरचा हलकट. मारझोड रोजचीच, पण आता त्यानं रातोरात बिऱ्हाड हलवून तिला नव्या खोलीत कोंडलं होतं. खोली कुठं आहे, ते तिलाही कळलं नव्हतं. पिठाच्या डब्यात लपवलेल्या फोनवरून तिनं लोकेशन पाठवलं नि एवढंच म्हणाली, "दादा, तो ड्युटीवरून यायच्या आत ये. आज तो मले जित्ती नाही ठेवत."

लोकेशनच्या जागी गल्लीतलं शेवटचं घर. दाराला बाहेरून कुलूप. पियुषनं ते दगडानं फोडलं. आत कोंदट अंधार, खाटकाच्या दुकानात येतो तसला वास. कोपऱ्यात ती उभी होती. उन्हात निघताना पोरी बांधतात तसा दुपट्टा तोंडाला, उघडे फक्त डोळे.

"चाल वं मयुरा, लवकर बस!"

ती मुकाट मागे बसली. बिचारीची वाचाच गेली, असं वाटून त्याला भडभडून आलं.

परतीच्या वाटेवर कोराडी मागे पडलं नि फोन वाजला. पियुषनं गाडी कडेला घेतली. नाव पाहिलं... मयुरा.

"दादा, कुठी आहे तू? मी केव्हाची वाट पाहून राहिली..."

अहो, मयुरा तर त्याच्या मागे बसली होती! "तू... तू कुठी आहे?"

"खोलीतच आहो."

मागे वळून पाहायची हिंमत होईना. त्यानं कसंबसं विचारलं, "घरी वायफाय आहे? राउटर नवा आहे का?"

"नाही. भंगारवाल्याकडून जुनाच आणला त्यानं."

पियुषनं कपाळावर हात मारला. शहरात इतवारी बाजारातल्या आपल्या मोबाईलच्या दुकानात तो गिऱ्हाइकांना हेच तर समजावून सांगायचा. फोन जवळचं वायफाय ओळखून जागा ठरवतो. राउटर दुसरीकडे नेला, तरी काही दिवस जुन्याच घराचं ठिकाण दाखवतो. म्हणजे हा राउटर सावनेरच्या त्या घरातूनच भंगारात गेलेला. संतापाच्या भरात अक्कल गहाण पडली होती.

"राउटर बंद कर. फोनातलं वायफायही बंद कर. खिडकीपाशी उभी राहून पुन्हा पाठव."

नकाशावरचा निळा ठिपका सावनेरवरून उडाला नि शहरातल्या नंदनवन वस्तीत जाऊन बसला.

"दादा... त्याची गाडी वाजली..." फोन कटला.

मागचीला उतर म्हणायला आता वेळ नव्हता. "बाई, तू कोण आहे मले नाही माहीत," तो पुटपुटला, "पण तिकडं माही बहीण मरून राहिली." त्यानं गाडी पिटाळली. पाठीवर शर्ट ओला होत होता, आणि तो घाम नव्हता.

नंदनवनातल्या खोलीला आतून कडी. आत पट्ट्याचे सपासप आवाज, मयुराच्या किंकाळ्या. पियुष दाराला खांदा देऊ लागला. तेवढ्यात ती बाई गाडीवरून उतरली नि त्याच्या देखत बंद दारातून आत गेली.

मयुराचं ओरडणं थांबलं. विहंगचं सुरू झालं. मग हाडं मोडायला लागली, चरकात ऊस मोडतो तशी...

कडी तुटली तेव्हा विहंग फरशीवर पडला होता. तोंड असं ठेचलं होतं की नाक कुठं नि डोळे कुठं, समजत नव्हतं. रक्त पंख्यापर्यंत उडालं होतं. पाठ फाटलेली मयुरा खाटेखाली दडली होती, पण जिवंत होती. बाई कुठंच नव्हती. पियुषनं बहिणीला उचललं, गाडीवर बसवलं नि घराची वाट धरली.

अर्ध्या वाटेत मयुरा म्हणाली, "दादा, तिनं मले विचारलं... तुले न्यायले भाऊ आला, मले न्यायले काहून कोणी नाही आलं?"

"मग?"

मयुरा हुंदके देऊ लागली. "मी भेली होती गा दादा... मी म्हटलं, हाच तुहाही भाऊ."

पियुषनं खाली पाहिलं. मयुराचे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर होते. कमरेला मात्र कोणाची तरी मिठी पडली होती.