रंध्याची रिकामी जागा

सगळी हत्यारं जागेवर बसली. रंधा तेवढा नव्हता.

वेदश्रीनं पुन्हा पाहिलं. पटाशा, करवती, गिरमिट, गुण्या. बाबांनी प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिल फिरवून त्याची जागा आखून ठेवली होती. ते गेल्यापासून पाच महिने पिपरी मेघेतल्या घराच्या या मागच्या खोलीला कुलूप होतं. दोन दिवस ती एकेक हत्यार पुसून त्याच्या रेषेत ठेवत होती, आणि खालच्या फळीवरची लांबट आकृती रिकामीच राहत होती.

"किल्ली कोणाकोणाकडे होती?"

"एक माह्याकडे, एक तानबाकडे." आईनं चहा पुढे केला. तिच्या अंगठ्याच्या पाठीवर पट्टी होती.

"हे काय?"

"विळी लागली."

वेदश्रीनं लगेच तानबा मिस्त्रींना फोन केला. बाबांना सुतारकाम त्यांनीच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, पण चप्पल न काढता अंगणातच, तुळशीपाशी थांबले. कुंडीत लाकडाची जाड, फाटकी सालपटं पडली होती.

"काका, खोली शेवटची कधी उघडली?"

"चैत्रात. साहेब होते तवा."

"मग रंधा कुठे गेला?"

"काल फोनवर इचारलं, आज पुन्हा इचारून राह्यल्या. माह्ये तीन रंधे हायेत, ताई. चौथ्याचं का लोणचं घालू?" त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली. "हे ठेवा. आता माह्यं येणं होत नाई."

दारात उभी असलेली आई खाली पाहत राहिली.

वेदश्री चिडून स्वयंपाकघरात शिरली आणि मागचं दार ओढलं. ते आवाज न करता लागलं.

ती थबकली. दरवर्षी भाद्रपदात हे दार फुगायचं, खांदा लावल्याशिवाय बसायचं नाही. येत्या रविवारी घासतो, असं बाबा बारा वर्षं म्हणत आले होते. तिनं दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. कड लाटांसारखी वरखाली होती. मध्ये एका खिळ्याचं डोकं ताजं खरवडलेलं, चकचकीत.

"तानबाकाका, थांबा."

ते फाटकापाशी थांबले.

"रंधा चोरीला गेलेला नाही. त्याच रंध्यानं हे मागचं दार घासलंय. तुम्ही घासलं असतं तर सालपट कागदासारखं निघालं असतं. तुळशीत पडलंय ते फाटकं आहे. घासणाऱ्याला खिळाही दिसला नाही. पातं त्यावर आपटलं, हात निसटला." ती आईकडे वळली. "विळीनं बोटाची पेरं कापतात, आई. अंगठ्याची पाठ नाही."

आई आत गेली. तांदळाच्या डब्यामागून तिनं बाबांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला रंधा काढून आणला. पात्याच्या धारेला खाच पडली होती.

"दोन दिवस मी यांच्यावर संशय घेतेय, अन् तू गप्प?"

"तुह्या बाबाच्या रंध्याले हात लावला का घर डोक्यावर घेत ते." आईचा आवाज बारीक झाला. "म्हटलं, धार लावून गुपचूप ठेवून देईन. मंग सांगीन."

"धार लावणार कोण होतं?"

"तानबाच. अजून कोण लावते?"

तानबांनी रंधा हातात घेतला, पात्यावर नख फिरवलं. मग लांबूनच दाराकडे पाहिलं.

"वैनी, खिळा आधी आत ठोकाचा असते."

"मले कोणी शिकवलं?" आई म्हणाली.

"चुकलं माझं, काका," वेदश्री म्हणाली.

त्यांनी चपला काढल्या, ओट्यावरची किल्ली उचलून खिशात टाकली.

"धारेचा दगड कुठं हाये?"

"तिसऱ्या रांगेत, डावीकडे," वेदश्री म्हणाली. "त्याच्या रेषेत."