पाकिटातला आवाज

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी त्या खोलीत होतो, एवढंच सांगतो.

क्यूबातलं सिएनफ्वेगोस, शनिवारची दुपार. शनिवारी आमच्याकडे 'पाकीट' येतं, म्हणजे आठवडाभराचे मालिका-सिनेमे भरलेली हार्ड डिस्क. इंटरनेट कुणाला परवडतंय? अख्खी गल्ली माझ्या दारात कॉपीसाठी रांगेत.

"लेओवेल, मालिकेचा शेवट दे आधी. इथेच म्हातारी होईन मी," शेजारची मैदेलीन खेकसली.

तेवढ्यात एनेइदा मावशी आली. हातात टॉवेलात गुंडाळलेली जुनी डिस्क. तिच्या मुलाची, योआंद्रीची.

पोरगा अमेरिका गाठायला तराफ्यावरून समुद्रात गेला, तो गेलाच. निरोप नाही. मावशी रोज त्याच्या नावाने कॉफीचा कप भरायची, संध्याकाळी मोरीत ओतायची.

"यात त्याचा आवाज आहे रे. मी विसरत चाललेय."

मी टॉवेल सोडून डिस्क हातात घेतली.

जुनी डिस्क, रुंद चपट्या पट्टीच्या केबलची. एका पट्टीवर दोन डिस्क लागतात. माझ्या कॉम्प्युटरला पाकिटाची डिस्क होतीच, त्याच पट्टीवर शेजारी योआंद्रीची लावली.

फिरेना.

"मावशी, गेलीये ही."

आणि लाईट गेली. पंखा थांबला.

मग...

टिक. टिक. घर्रर्र...

योआंद्रीची डिस्क फिरत होती. मी विजेची वायर उपसून काढली.

तरी फिरत होती.

मावशीने कान लावला. मला फक्त पाण्याचा आवाज आला.

"काय म्हणतोय?" मैदेलीनने हळूच विचारलं.

"म्हणतो, आई, माझी कॉफी नको करूस आता."

मावशी उठली आणि घरी गेली.

लाईट आल्यावर मी पट्टी काढली. डिस्क कोरडी. पट्टी ओली... जिभेला लावली, तर खारट.

घाबरत घाबरतच सगळ्यांना पाकीट दिलं.

पुढच्या शनिवारी मैदेलीन उंबऱ्याबाहेरच थांबली.

"तू दिलेल्या शेवटच्या भागात मध्येच पाणी वाजतं. कुणीतरी 'आई' म्हणतं. माझ्याकडून कॉपी केलेल्यांकडेही तेच."

मी म्हटलं, पुसून टाका. कुणाची हिंमत होत नाही.

मावशी आता स्वतःपुरता एकच कप करते. पण संध्याकाळी कुणाच्याही घरात जाते. "लाव ना तो शेवटचा भाग," म्हणते.

ती हाक आली की हळूच ओ देते. "आहे रे बाळा, इथेच आहे."

आणि पडद्यावरचं पाणी क्षणभर थांबतं...

मी एकटाच तो भाग लावतो, तेव्हा ते कधीच थांबत नाही.